सरकत्या जिन्यापाशी काढलेल्या चपला

हां, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात पुसून घ्या, घाम आलाय. पूर्वरंग झाला, नामस्मरण झालं, मागच्या रांगेतल्या दोघांची झोपसुद्धा झाली! आता आख्यान. पण मंडळी, ऐका — आख्यानाआधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. घरात भांडण झालं. आई-लेक घ्या, भाऊ-भाऊ घ्या, सासू-सून घ्या, काय घ्यायचं ते घ्या. बोलणं बंद! तर मग पहिलं पाऊल कोणी उचलायचं? मोठ्यानं की धाकट्यानं?

काय म्हणता काकू? मोठ्यानं? म्हणजे घरात तुम्ही धाकट्या दिसताय! आणि आजोबा, तुम्ही? ‘धाकट्यानं पाया पडावं, मग बघू.’ हे बघा! अहो, ह्या ‘मग बघू’पायी किती घरं मुकी बसलीत, जरा आठवा. शेजारी कोण बसलंय ते न बघता आठवा.

बरं, उत्तर राहू दे. आधी सांगा, आज आपण बसलोय कुठं? दत्त मंदिराचा सभामंडप गळतोय, पत्रे काढलेत, म्हणून ह्या वर्षी सप्ताह इथं — नंदादीप मॉलमध्ये! मालक बन्सीशेठ म्हणाले, ‘बुवा, पाडापाडी सुरू व्हायच्या आत देवाचं नाव होऊ द्या.’ आता हा मी उभा आहे ना, इथं अत्तराचं दुकान होतं. ह्या गादीला अजून वास येतोय. तुमच्यातले ते जाकीटवाले बसलेत तिथं मोबाईलचं दुकान. आणि माझ्या पाठीमागं — बघा, बघा मान वर करून — तो सरकता जिना. आता सरकत नाही. पायऱ्यांवर धूळ आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी कठड्याला बॅनर बांधलाय. ज्या जिन्यावर पाय ठेवायला अख्खं गाव घाबरत होतं, त्याला आज बॅनर बांधलाय!

आठवतो का उद्घाटनाचा दिवस? अक्षय तृतीया होती. बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटतंय, आणि आत आलं की — आहाहा! गारवा! माझी आत्या म्हणाली, ‘अरे, हे लोक स्वर्गाचं दार उघडं ठेवून वीज फुकट घालवतायत.’ झेंडूची तोरणं, सनई, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी बन्सीशेठनं नारळ फोडलेला, फरशीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. आता तुम्हीच सांगा! समोर स्वस्तिक, तोरण, नारळाचं पाणी, आणि पायऱ्या आपल्याआपण वर चाललेल्या! आपल्या गावचं माणूस काय करणार? पहिल्या आजीबाईंनी चपला काढल्या, पायरीला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि चढल्या. मागच्यानं बघितलं, त्यानंही काढल्या. तिसऱ्यानं काढल्या. झालं! संध्याकाळपर्यंत जिन्याखाली चपलांचा डोंगर. कोणी कोणाची घालून गेलं, कोणी एक काळी न् एक तपकिरी घालून गेलं. हसता काय? तुम्हीही अनवाणीच गेला होतात! त्या खाचांच्या पायऱ्या पायाला कशा गुदगुल्या करायच्या, आठवतंय ना?

मॅनेजर होते पुराणिकसाहेब, पुण्याचे, टाय लावणारे. ते चिडले. म्हणाले, ‘शेठ, बोर्ड लावू. चपला काढू नयेत.’ बन्सीशेठ म्हणाले, ‘साहेब, ह्या गावात चपला काढू नका असा बोर्ड लावलात, तर लोक बोर्डाला हार घालतील. त्यापेक्षा एक बाई बसवा.’

आणि तशी ती बाई आली. दत्त मंदिराबाहेर चपला सांभाळायची, तीच. नाव — तिनं मला सांगितलंय, ‘बुवा, गोष्ट सांगा, पण नाव बदला.’ म्हणून आपण तिला द्वारकाबाई म्हणू. खरं तर बदलायचीही गरज नव्हती. तुमच्यातल्या कोणाला तिचं नाव माहीत आहे? नाही ना? ‘चपलवाली मावशी.’ बास. लोखंडी मांडणी, पितळी बिल्ले, एक स्टूल आणि ती. चपला घ्यायची, बिल्ला द्यायची. आणि तिची एक सवय — माणूस वर गेलं की त्याच्या चपला उलट्या फिरवून, तोंड बाहेर करून ठेवायची. परत आलं की नुसता पाय सरकवायचा आणि चालू लागायचं. देवळातली सवय, ती इथं आणली तिनं.

काय दिवस होते हो ते! मे महिन्यात घरात पंखा गरम हवा फेकायचा, मग सगळी वरात इथं. खरेदी? छे! आपण कसली खरेदी करतो! घरनं आणलेलं दशम्या-लोणचं त्या कारंज्याच्या कठड्यावर बसून खाल्लंय आपण. गावातले मुलगी बघायचे कार्यक्रम इथं झाले — वरच्या मजल्यावर पावभाजीच्या टेबलाशी. मुलीनं पोहे करायचे नाहीत, मुलानं बिल द्यायचं! कितीतरी जोड्या त्या टेबलांवर ठरल्या. त्यातली एक ही समोर बसलीय, लाजू नका. काचेच्या लिफ्टमधनं लोक आपल्याच नातेवाइकांना हात करायचे. मला तर अजून तो वास आठवतो — पॉपकॉर्नचा, नव्या कापडाचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा, सगळा एकत्र. डोळे मिटले की येतो. कसं झालं, कधी गेलं सगळं...

असो. तर द्वारकाबाई. नवरा लवकर गेला. एकच लेक — उज्ज्वला. लेकीला फॉल-पिको शिकवलं, कपडे शिवायला शिकवलं, पायावर उभी केली. आणि लेक काय करते? एके दिवशी येते आणि म्हणते, ‘आई, मी लग्न केलंय.’ रिक्षा चालवणारा मुलगा, दुसऱ्या जातीतला. मुलगा चांगला होता हो! निर्व्यसनी होता, सासूला आई म्हणायला तयार होता. पण द्वारकाबाईंच्या कपाळाची शीर उठली. म्हणाल्या, ‘मला सांगावंसंसुद्धा वाटलं नाही तुला?’

‘सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?’

‘नसते म्हणाले!’

‘मग?’

ह्या ‘मग’ला उत्तर नसतं, मंडळी. आणि उत्तर नसलं की माणूस काय करतं? ओरडतं! द्वारकाबाई दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘आजपासून तुझी चपल माझ्या दारात दिसायची नाही!’

लेकीनं चपल घातली आणि गेली.

आता ऐका हं. काही महिने गेले. एका सकाळी मॉल नुकताच उघडलाय. द्वारकाबाई मांडणी पुसतायत. समोर पावलं थांबली. चपला निघाल्या. द्वारकाबाईंनी सवयीनं हात पुढं केला, वर बघितलं — उज्ज्वला! वरच्या मजल्यावर साडीच्या दुकानाशेजारी तिनं फॉल-पिकोचा छोटा गाळा घेतला होता. साडी घ्या, लगेच फॉल लावून घ्या.

काय वाटलं असेल त्या आईला? जीव तुटला असेल ना? ‘अगं बाई’ म्हणून पटकन जवळ घ्यावं असं वाटलं असेल ना? वाटलंच! पण तोंडातनं काय निघालं? बिल्ला पुढं केला आणि म्हणाल्या, ‘बिल्ला हरवू नका.’

हरवू नका! पोटच्या पोरीला अहो-जाहो!

उज्ज्वला ‘बरं’ म्हणाली आणि वर गेली. आणि मग रोज तेच! सकाळी चपला खाली, ‘बिल्ला हरवू नका.’ संध्याकाळी बिल्ला परत, चपला पायात. आई खाली, लेक वर. मध्ये एवढा एक जिना! आणि बोलणं एवढंच.

लोक विचारायचे, ‘मावशी, एकदा वर जाऊन या की. वर केवढी दुकानं आहेत.’ म्हणायच्या, ‘मला त्या पळत्या पायरीवर चक्कर येते.’ चक्कर कसली डोंबलाची! अहंकार होता तो, मंडळी. आणि त्याच्या खाली अजून एक गोष्ट होती, ती जास्त वाईट. द्वारकाबाईंना वाटायचं, ही मुद्दाम करते. मी म्हणाले होते चपल दारात दिसायची नाही, म्हणून ही रोज माझ्या हातात चपल देऊन मला टोमणा मारते. बघ म्हणते, चपलच सांभाळतेस ना माझी! रात्री घरी जाऊन म्हातारी ह्याच विचारानं उपाशी झोपायची.

पण तरी — आईचं आतडं! एकदा उज्ज्वलाच्या चपलेचा अंगठा तुटला. सकाळी फरफटत आली, चपल ठेवून वर गेली. द्वारकाबाईंनी काय करावं? इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पदराखाली झाकून ती चपल बाहेर फुटपाथवर नेली, टाके घालून आणली. संध्याकाळी लेकीनं चपल बघितली. टाक्यांवरनं बोट फिरवलं. आईनं मान फिरवून दुसऱ्या कोणाचातरी बिल्ला पुसायला घेतला! दोघींतली एक जरी बोलली असती त्या दिवशी, तर गोष्ट तिथंच संपली असती. मग मी आज काय सांगितलं असतं तुम्हाला? पण नाही. दोघीही एकमेकींच्याच होत्या ना, हट्ट तोच!

आणि मग, मंडळी, काळ आला. हो, मॉललासुद्धा काळ येतो! हायवेला दुसरा मॉल झाला, ह्याच्या चौपट. तुम्ही तिकडं पळालात. मग तुमच्या हातात तो मोबाईल आला — ठेवा तो खाली, कीर्तन चाललंय! — बोट लावलं की साडी घरी, बोट लावलं की बूट घरी. आधी वरचं सिनेमागृह बंद झालं. मग पुस्तकांचं दुकान. शटर खाली, ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी वर. एसी दुपारचाच लावायला लागले, पुढं तोही बंद. कारंजं आटलं, त्यात कोणीतरी कुंड्या आणून ठेवल्या. काचेच्या लिफ्टमध्ये झाडू आणि बादल्या. गळतं तिथं टमरेल. जिना शनिवार-रविवारच फिरायचा. दिवाळीत एका बाईनं मला विचारलं, ‘बुवा, मॉल चालू आहे का हो?’ मी म्हणालो, ‘श्वास चालू आहे.’ वाईट वाटतं हो. देऊळ नव्हतं, कबूल. पण आपली पोरं इथं पहिल्यांदा त्या जिन्यावर चढली, आपलं बोट घट्ट धरून. ते विसरायचं कसं?

आणि ह्या सगळ्याच्या आधीच एक गोष्ट झाली होती. लोकांनी चपला काढणं सोडलं होतं. साहजिक आहे, गाव शहाणं झालं! सरकत्या जिन्याची भीती गेली, भीतीबरोबर नमस्कारही गेला. बूट घालून टकाटका वर. द्वारकाबाईंची मांडणी ओस पडली. मॅनेजर पुराणिकसाहेब येऊन बघून गेले, मान हलवून गेले. द्वारकाबाईंना वाटलं, गेली आपली भाकरी. पण मांडणी पूर्ण रिकामी कधी झालीच नाही! गिऱ्हाइकं चपला काढायची नाहीत, पण वरच्या मजल्यावर काम करणारे सगळे काढायचे. पॉपकॉर्नवाला शौकतभाई, साडीच्या दुकानातल्या मुली, घड्याळं दुरुस्त करणारे काका. आणि उज्ज्वला. ओळीनं चपला. द्वारकाबाईंना वाटायचं, जुनी माणसं, जुनी सवय.

शेवटी पाटी लागली. पाडव्यापासून मॉल बंद. आता बघा! गावाचं काय, गाव दुसरीकडं जाईल. पण ह्या दोघींचं? दिवसातनं दोनदा तोंड दिसत होतं, ‘बिल्ला हरवू नका’ एवढं तरी बोलणं होत होतं. उद्यापासून ते तीन शब्दही गेले! द्वारकाबाई त्या दिवशी स्टुलावर बसून सारखं जिन्याकडं बघत होत्या. आज उतरेल तेव्हा बोलू. नाही, तिनं बोलावं. नाही, आपणच... नाही! अहो, ‘मग बघू’ म्हणत वर्षं काढली, आणि आता तर ‘मग’च उरला नाही.

संध्याकाळ झाली. वरची वीज तोडली. जिना तर केव्हाच थांबलेला. एकेक जण खोकी घेऊन खाली येतोय, बिल्ला देतोय, चपला घेतोय. शौकतभाई आला, डोक्यावर पॉपकॉर्नचं मशीन. ते ठेवलं खाली, चपला घातल्या आणि पाय हलवून बघत म्हणाला, ‘मावशी, उद्यापासून दिवसभर चपल चावणार हो! कामावर चपला घालायची सवयच मोडली बघा इतक्या वर्षांत.’

द्वारकाबाई म्हणाल्या, ‘मग कोणी सांगितलं होतं काढायला? गावानं सोडलं, तुम्ही पण सोडायचं.’

शौकतभाई बघतच राहिला. ‘मावशी, म्हणजे तुम्हाला ठाऊकच नाही?’

‘काय?’

‘अहो, पुराणिकसाहेब म्हणाले होते, ज्या दिवशी मांडणीवर एक जोड दिसणार नाही, त्या दिवशी मांडणी उचला आणि बाईला घरी पाठवा. उज्ज्वलाताईंनी ऐकलं ते. त्या प्रत्येक गाळ्यावर गेल्या. हात जोडले आम्हाला. म्हणाल्या, खाली चपला काढून या, माझ्या आईची जागा आहे ती. आम्ही उन्हाळ्यात काढायचो, थंडीत कधी चुकवायचो. त्या नाही चुकवायच्या. पावसाळ्यात वर पाणी गळायचं, त्या पाण्यातनं अनवाणी! टाचा बघा त्यांच्या कधीतरी.’

शौकतभाई मशीन घेऊन गेला. द्वारकाबाईंनी मांडणीकडं बघितलं. एकच जोड उरला होता. अंगठ्याला आपणच घालून आणलेले टाके.

रोजचा टोमणा म्हणून जे हातात घेतलं, ते काय होतं, हे तेव्हा कळलं हो त्या माउलीला! विठ्ठला! कळायला मॉल बंद पडावा लागला!

उठली म्हातारी. त्या चपला उचलल्या, पदरात घेतल्या — मंदिरातनं पादुका न्याव्यात तशा — आणि जिन्याला लागली. हाच जिना, मंडळी! हाच! थांबलेला सरकता जिना चढून बघा कधी, पायऱ्या उंच असतात, गुडघे बोलतात. एका हातानं तो काळा पट्टा धरलाय, दुसऱ्या हातात पदर. एक पायरी, थांबली. दुसरी, थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर चालली होती ती. वर अंधारातनं दिसतंय, सगळी शटरं खाली. ज्या झगमगाटाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यातलं काहीसुद्धा तिला बघायला मिळालं नाही. एका गाळ्यात तेवढी बॅटरी लावलेली.

उज्ज्वला पाठमोरी, शिलाई मशीन गोणपाटात बांधतेय. पावलं ऐकली आणि म्हणाली, ‘शौकतभाई, दोरी आणलीत का?’

वळून बघते तर — आई! धापा टाकतेय.

‘तू? वर आलीस?’

आई म्हणाली, ‘जिना बंद पडलाय ना. आता चक्कर येत नाही.’

आणि तिथंच फरशीवर बसली. लेकीचा पाय ओढून मांडीवर घेतला. लेक म्हणतेय, ‘अगं, काय करतेस, सोड!’ सोडते कुठली! टाचेवर हात फिरवला. भेगा — बोट जाईल एवढ्या भेगा.

‘तुला कोणी सांगितलं होतं गं अनवाणी हिंडायला?’

‘तूच की.’

‘मी?’

उज्ज्वला म्हणाली, ‘माझी चपल तुझ्या दारात दिसायची नाही म्हणालीस. मला वाटलं, दारात नाही तर नाही. जिन्यापाशी तरी रोज दिसेल तुला.’

...थांबतो जरा. पाणी द्या कोणीतरी.

रडल्या हो दोघी. तिथंच, त्या रिकाम्या मजल्यावर. मग उज्ज्वलानं डोळे पुसले, कमरेचा बिल्ला काढला आणि सवयीनं पुढं केला. द्वारकाबाईंनी बिल्ला घेतला नाही. चपला तिच्या पुढ्यात ठेवल्या, तोंड बाहेर करून, आणि म्हणाल्या, ‘घाल. आणि चल घरी. तिथं दारात काढ.’

आता सांगा मंडळी. पहिलं पाऊल कोणी उचलायचं? मोठ्यानं की धाकट्यानं? अहो आजोबा, आता का गप्प? धाकटीनं ते रोज सकाळी उचललं होतं! मोठीच्या हातात आणून देत होती! आणि मोठी काय म्हणत होती? बिल्ला हरवू नका!

तुम्ही हसू नका तिला. तुमच्या मोबाईलवर रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवणारा तो भाऊ आहे ना? शेताच्या बांधावरनं बोलणं तुटलेला? तुम्ही म्हणता, काय कटकट आहे, रोज सुप्रभात! अहो, तो रोज तुमच्या जिन्यापाशी चपला काढून ठेवतोय! दिवाळीला शेजारणीच्या हाती चकल्यांचा डबा पाठवणारी ती नणंद — तुम्ही डबा रिकामा धुऊन परत पाठवलात आणि म्हणालात, बघा, तोरा दाखवते! एकदा विचारा तरी. हा मॉल बंद पडायची वाट बघू नका. ह्याचं बरं होतं, ह्यानं आधी पाटी लावली. माणूस पाटी लावून बंद पडत नाही.

आता एक करा. खिशात हात घाला. आत येताना बाहेर पितळी बिल्ला मिळालाय ना प्रत्येकाला? बघा, काढा बाहेर. मंडळाचा नाही तो, ह्या मॉलचा आहे. चपला कोणाकडे दिल्यात? चेहरा बघितलात? नाही बघितलात! एक म्हातारी आहे, आणि आज गर्दी जास्त म्हणून मदतीला तिची लेक बसलीय शेजारी. जाताना बिल्ला हातात द्या, आणि चपला घालायच्या आधी खाली बघा. तुमच्या चपला त्यांनी फिरवून ठेवल्या असतील, तोंड घराकडं करून. आता त्या पायात घालून कोणाच्या दारात जायचं, ते तुम्हाला माहीत आहे.

चला, उचला टाळ. मृदंगबुवा, हात सैल सोडा. विठ्ठल विठ्ठल म्हणा — आणि असं म्हणा, की आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला पाहिजे!